चाळण आणि चिठ्ठी

घंटा ही वस्तू मोठी समदर्शी आहे. देवळातली घंटा जहागीरदाराने वाजवली काय आणि त्याच्या गड्याने वाजवली काय, तिच्या नादात तसूभर फरक पडत नाही. देवाच्या दारी ही समदृष्टी शोभून दिसते. परंतु आपल्या खिशातला फोन जेव्हा तिचे अनुकरण करू लागतो, तेव्हा संसारी माणसाची पंचाईत होते. गावाकडून वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल आला तरी तो एकदाच किणकिणतो, आणि ज्या दुकानाची पायरी आपण सात वर्षांत चढलो नाही त्या दुकानाने सदऱ्यांवर चाळीस टक्के सूट जाहीर केली तरी तो तेवढ्याच जिव्हाळ्याने किणकिणतो. कानाला दोहोंतला भेद कळत नाही. आणि कानाला कळत नाही म्हणून हाताला दर वेळी खिशाकडे जावे लागते.

आम्ही ज्या भागात नोकरी करतो तेथे तर या किणकिणाटाचे माहेरघरच आहे. चंदीगडच्या कडेला, मनीमाजरा आणि किशनगड यांच्या शेजारी, काचेच्या इमारतींची जी वसाहत उभी आहे तिचे कागदोपत्री नाव राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क असे भारदस्त असले तरी रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सारे तिला आयटी पार्क म्हणूनच ओळखतात. येथल्या हिंदी फलकांवर मात्र ते 'आईटी पार्क' असे लिहिलेले असते, आणि घरापासून दूर आलेला मराठी डोळा त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांवर क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही. दुपारी चहाच्या गाडीभोवती, जिला इकडे रेहडी म्हणतात, दहापाच मंडळी जमलेली असतात. कोठेतरी एक फोन वाजतो आणि पाच हात पाच खिशांकडे धावतात. चार हात रिकामे परततात. पाचव्याच्या हाती बहुधा कर्जाचे आमंत्रण आलेले असते. चहा मात्र पाचांचाही निवतो.

बदलीच्या नोकरीत असणाऱ्या आमच्यासारख्यांना हा त्रास इतरांहून दुप्पट होतो, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. एकाच गावात जन्म काढणाऱ्या माणसाच्या मागे एका गावची दुकाने लागतात. आमच्यामागे तीन गावांची लागलेली आहेत. बदलीचा हुकूम आला की आपण कपाट विकतो, गॅसची जोडणी बदलून घेतो, शेजाऱ्यांचे डोळे पुसतो आणि गाडीत बसतो. जुन्या गावाशी असलेला हिशेब तेथे संपला अशी आपली समजूत असते. ई-मेलच्या पत्त्याची मात्र बदली होत नाही. हैदराबादला ज्याच्याकडून आम्ही एकदा पंखा घेतला तो दुकानदार आजही दर वाढदिवसाला आमचे अभीष्टचिंतन करतो. जबलपूरच्या ज्या शाळेतून आमची कन्या चार वर्षांपूर्वी बाहेर पडली, ती शाळा अजून तिच्या बसभाड्याची आठवण देते. भूगर्भशास्त्रज्ञ जसे खडकांच्या थरांवरून पृथ्वीचे वय सांगतात, तसे कोणीही आमच्या पत्रपेटीतील या थरांवरून आमच्या नोकरीची वर्षे मोजून सांगू शकेल.

या उपद्रवाची जन्मतिथी इतिहासाने टिपून ठेवली आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थ्युर्क यांनी 'अर्पानेट' या त्या वेळच्या जाळ्यावरील सुमारे चारशे पत्त्यांवर आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकदम धाडले. न मागितलेल्या पत्रांच्या गंगेचा उगम येथला मानतात. तिला 'स्पॅम' हे नाव पुढे पडले, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. स्पॅम हे १९३७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या डबाबंद मांसाचे नाव. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीने १९७० साली दूरचित्रवाणीवर एक प्रवेश केला. त्यातील उपाहारगृहात कोणताही पदार्थ मागा, त्यात स्पॅम आहेच! गिऱ्हाईक नको नको म्हणत असता ज्याचा गजर थांबत नाही, त्या वस्तूचे नाव या पत्रांना पडावे यात नवल नाही. जानेवारी २००४ मध्ये दाव्होस येथे बिल गेट्स यांनी हा प्रश्न दोन वर्षांत निकालात निघेल असे भाकीत केले होते. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे लोटली. आमच्या पंखेवाल्याला ते भाकीत अद्याप कळलेले दिसत नाही.

येथे एक भेद मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. स्पॅम म्हणजे निव्वळ लबाडीची आणि अनोळखी पत्रे यंत्र बहुतेक वेळा आपण होऊनच बाजूला काढते. ती निराळ्या कप्प्यात पडतात, त्यांची घंटा वाजत नाही, आणि जीमेलसारख्या सेवेत ती तीस दिवसांनी आपोआप नाहीशी होतात. आपल्याला हैराण करते ते हे अट्टल चोरांचे टोळके नव्हे. हैराण करतात त्या आपणच कधी काळी दारात उभ्या केलेल्या ओळखी. बँक, विमा, प्रवासाची तिकिटे, पुस्तकांचे दुकान, सोसायटीची परिपत्रके यांना आपण केव्हातरी स्वहस्ते पत्ता दिलेला असतो. कायद्याने ही पत्रे निर्दोष असतात, यंत्राच्या दृष्टीनेही सभ्य असतात; फक्त ती भलत्या वेळी येतात. म्हणून यंत्राने आपल्यासाठी केलेली चाळण पुरत नाही. दुसरी, अधिक बारीक चाळण आपली आपल्याला विणावी लागते.

यंत्राची चाळण कशी चालते हे ठाऊक असले म्हणजे आपली विणणे सोपे जाते. थॉमस बेझ नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक अठराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, संभाव्यतेवरील त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पुराव्याचा एकेक तुकडा हाती येईल तसतसा आपला अंदाज किती बदलावा, याचे गणित त्याच्यापासून चालत आले आहे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी हेच गणित पत्रांना लावून दाखवले. नको असलेल्या पत्रांचा एक ढीग घ्यावा आणि हव्या असलेल्यांचा दुसरा. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावे. आणि नवे पत्र आले की त्यातील शब्दांची साक्ष काढून ते कोणत्या ढिगातले असावे याचा अंदाज बांधावा. या रीतीतील सुरेख भाग असा की, ढीग ज्याचे त्याचे असतात. ज्याच्या पेटीत श्रीखंडाच्या वड्यांची, सातबाराच्या उताऱ्याची आणि मुंजीच्या मुहूर्ताची पत्रे येत गेली, त्याच्या चाळणीला हे शब्द ओळखीचे आणि आपलेसे वाटू लागतात. घरातली माणसे ज्यांच्याशी आदराने बोलतात त्यांच्यावर कुत्रा भुंकत नाही, तसाच हा प्रकार आहे.

तथापि अंदाज तो अंदाजच. ओल्याबरोबर सुके जळते, तसे कोंड्याबरोबर कधी पीठही वर राहते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी येथल्या मराठी मंडळींना गणेशोत्सवाची सूचना एकाच पत्राने दीडशे पत्त्यांवर धाडली. यंत्राने दीडशे हा आकडा पाहिला. त्यामागची भक्ती त्याला कशी दिसावी! बऱ्याच जणांच्या पेटीत ती सूचना जाहिरातींच्या शेजारी जाऊन पडली आणि आरतीला नेहमीची निम्मी मंडळीही दिसली नाहीत. आठवड्यातून एकदा त्या कप्प्यात डोकवावे, आणि आपले माणूस तेथे सापडले तर 'हे स्पॅम नव्हे' असे यंत्राला बजावावे, हा उपाय साधा आहे. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि यंत्रही त्यातून शिकते.

आता आपल्या स्वतःच्या चाळणीविषयी. २००१ साली पत्रांच्या वाटणीचे नियम लिहिण्यासाठी एक छोटीशी संगणकी भाषा मांडण्यात आली, तिचे नावच 'सीव्ह', म्हणजे चाळण. अमुकाकडून आलेले पत्र तमुक ठिकाणी ठेव, अशी आज्ञा तिच्यात लिहिता येते. आज सामान्य माणसाला ती भाषा शिकावी लागत नाही. जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीच्या उजव्या कडेला एक खूण असते. ती दाबली की धाडणाराचे नाव, विषय, पत्रात असलेले किंवा नसलेले शब्द भरण्याच्या जागा दिसतात. त्या भरून 'फिल्टर तयार करा' म्हटले की यंत्र विचारते, अशा पत्राचे काय करू? इनबॉक्समध्ये न आणता बाजूला ठेवू? वाचलेले समजू? लेबल लावू? कधीही स्पॅममध्ये टाकू नको म्हणता? की नष्टच करू? पंखेवाल्यासाठी आम्ही पहिले आणि तिसरे उत्तर दिले. त्याची पत्रे आता येतात, 'जुनी गावे' असे लेबल लावून घेतात आणि निमूटपणे बसून राहतात. इनबॉक्समध्ये शिरलेच नाही म्हणून त्यांची घंटाही वाजत नाही. फोनवर शिवाय प्रत्येक लेबलाची घंटा स्वतंत्रपणे चालू किंवा बंद ठेवण्याची सोय असते, तिचाही उपयोग करावा.

दोन युक्त्या आणखी सांगण्याजोग्या आहेत. नवीन दुकानात पत्ता देताना जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह घालून 'दुकान' किंवा 'प्रवास' असा एखादा शब्द रोमन लिपीत जोडला, तरी पत्र आपल्यालाच मिळते. मग त्या शब्दावर चाळण बसवली की झाले. आणि तोच पत्ता उद्या भलत्याच माणसाने वापरला तर आपले नाव कोणी विकले तेही उघड होते. दुसरी युक्ती नाव कमी करण्याची. २०२४ साली गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ती खुशाल वापरावी. अनोळखी लबाडाच्या पत्रातील तसल्या दुव्याला मात्र बोटही लावू नये. त्याला एवढेच कळते की या पत्त्यावर कोणीतरी जिवंत आहे.

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी निघाले तेव्हा त्याने फोल्डरांऐवजी लेबले आणली, ही गोष्ट आम्हां कचेरीतल्या माणसांना विशेष विचार करण्यासारखी वाटते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एक कागद एका वेळी एकाच रुमालात राहू शकतो. निजामाच्या स्वारीचे पत्र निजामाच्या रुमालात ठेवावे की लिहिणाऱ्या सरदाराच्या, याचा निकाल दफ्तरदाराने लावायचा. आणि एकदा लावला की दुसऱ्या वाटेने येणाऱ्या अभ्यासकाला तो कागद सापडेलच असे नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, तेव्हा कागद निवडण्याइतकेच ते शोधण्याचे श्रम त्यांना पडले असतील. रुमाल कागदाला बांधून ठेवतो. चिठ्ठी केवळ त्याला नाव देते. एका पत्राला 'आई', 'औषधे' आणि 'मिरज' अशा तीन चिठ्ठ्या लावल्या तर ते तिन्ही वाटांनी सापडते. आणि ज्याला आज आपण कोंडा म्हणतो त्याचाही उद्या मांडा होऊ शकतो. पेशव्यांच्या कारकुनाने तेलातुपाच्या याद्या फुंकून टाकल्या असत्या तर त्या काळचे भाव आज आपल्याला कोणी सांगितले असते? म्हणून नष्ट करण्याची आज्ञा आम्ही सहसा देत नाही. गप्प करावे, पण जाळू नये.

आमच्या व्यवसायाला ही विद्या काही नवी नाही. कोणत्याही केंद्रीय कचेरीत टपाल आले की त्याची आवक-नोंद होते, डायरी क्रमांक पडतो, आणि सेक्शन ऑफिसर ते ज्याचे त्याला मार्क करून देतात. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या मॅन्युअलात निकडीच्या दोनच पायऱ्या सांगितल्या आहेत, 'इमिजिएट' आणि 'प्रायॉरिटी'; त्यांतील पहिली केवळ ताबडतोब लक्ष घालण्याजोग्या प्रकरणांना लावावी, असेही बजावून ठेवले आहे. नियम करणाराला मनुष्यस्वभाव ठाऊक असला पाहिजे. कारण कोणत्याही शाखेत पाहावे, तर तांबडी चिठ्ठी लावलेल्या फायलींचीच रास पडलेली असते, आणि बिनचिठ्ठीची फाईल आली की सारे चकित होऊन तिच्याकडे आधी पाहतात! ज्या दिवशी प्रत्येक फाईल तातडीची झाली, त्या दिवशी तातडी या शब्दाने राजीनामा दिला असे समजावे. फोनचेही तेच झाले आहे. सगळ्यांसाठी वाजणारी घंटा ही कोणासाठीच वाजत नसते.

ही गोष्ट चंदीगड शहराच्या शिल्पकाराइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. ल कोर्बुझिए याने या शहरातील रस्त्यांची सात जातींत विभागणी केली आणि त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावे दिली. सायकलींची आठवी वाट मागाहून आली. परगावाहून येणारा धावता रस्ता पहिला; बागेतून जाणारी पायवाट सातवी. सेक्टरच्या चारी बाजूंनी वेगाने वाहणारा जो व्ही-३ रस्ता, त्यावर एकाही घराचे दार उघडू नये असा त्याचा दंडक. दिल्लीकडून निघालेली मालमोटार आणि पाटी घेऊन शाळेला निघालेले पोर हे दोघेही रस्त्याचे हक्कदार खरे. परंतु एकाच रस्त्याचे नव्हेत. मालमोटारीला त्याने शहरात येण्याची बंदी केली नाही. तिचा भोंगा निजलेल्या माणसाच्या खिडकीपाशी पोचू नये एवढीच व्यवस्था केली. सायंकाळी मध्य मार्गावरची वाहतूक मागे टाकून आपण सेक्टरच्या आत वळतो आणि दोनशे पावलांत पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागतो, तेव्हा चाळण म्हणजे काय याचा अर्थ कानाला कळतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप प्रत्येकाने का करावा? सरकारनेच कायदा करून हा त्रास का मिटवू नये? दूरध्वनी आणि लघुसंदेश यांच्यापुरता तसा बंदोबस्त झालेला आहे. १९०९ या क्रमांकावर आपली इच्छा नोंदवता येते आणि त्यासंबंधी २०१८ चे विनियमही आहेत. परंतु पत्रांच्या बाबतीत कायद्याची चाळण एकदा कशी फसली, हे महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमात, दुसऱ्याला त्रास व्हावा किंवा पत्र कोणाचे याविषयी त्याची फसवणूक व्हावी म्हणून ई-मेल धाडणे हा गुन्हा ठरवलेला होता. स्पॅमवरचे ते औषधच म्हणायचे! पण त्याच कलमातील सैल शब्दांचा आधार घेऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली त्याविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल, पालघरच्या एका तरुणीला आणि ते लिखाण आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पुढे ती प्रकरणे मागे पडली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. 'त्रास' या शब्दाला काही सीमाच नाही हे त्याचे एक प्रमुख कारण. आम्हाला यातून एवढाच बोध होतो की, माझा त्रास कोणता हे मी माझ्या उंबरठ्यावर ठरवावे. साऱ्या गावासाठी ते दुसऱ्याने ठरवू लागले की चाळणीत कोंड्याऐवजी माणसे अडकतात.

परंतु उंबरठ्यावर ठरवणे म्हणजे तरी काय, याचा खरा अर्थ आम्हाला वाईच्या काकांनी शिकवला. आमचे धाकटे काका निवृत्त शिक्षक आहेत. काकूंच्या पश्चात ते वाईला एकटेच राहतात. मुलगा परदेशी असतो. दररोज पहाटे साडेपाचला ते साठ-पासष्ट नातेवाइकांना एक सुविचार धाडतात. सोबत ढोल्या गणपतीचे किंवा उगवत्या सूर्याचे चित्र असते. त्यात त्यांचा स्वतःचा शब्द एकही नसतो. पहाटे साडेपाचला घंटा वाजली की आमच्या सौ. दचकून जाग्या होत, कारण त्या वेळी वाजणारी घंटा ही गावाकडची वाईट बातमी आणते, अशी बदलीवर राहणाऱ्या प्रत्येक घराची समजूत असते. बरे, काकांना थांबा म्हणावे तर ते कोणत्या तोंडाने? आणि स्पॅम म्हणून त्यांना ढकलावे तर त्यांच्या वयाचा, नात्याचा आणि आमच्या मुंजीत त्यांनी उपसलेल्या कष्टांचा तो अपमान झाला असता. आम्ही मधली वाट काढली. त्यांच्या नावाची चाळण केली; इनबॉक्स चुकवावा, स्पॅममध्ये कधीही जाऊ नये, घंटा वाजू नये, आणि 'काका' असे लेबल लागावे. रविवारी सकाळी ते लेबल उघडावे, सोमवारपासूनचे सात सुविचार एका बैठकीत वाचावेत, आणि त्यांतील एखाद्यावर दोन ओळींचे उत्तर लिहावे, असा क्रम पडून गेला.

लेबलापुढे न वाचलेल्या पत्रांचा आकडा दिसतो. दर रविवारी तो सात असे. गेल्या श्रावणात एका रविवारी तो चार दिसला. यंत्र बिघडले असेल असे प्रथम वाटले. पण शेवटचे पत्र गुरुवार पहाटेचे होते. आम्ही फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर काकांनी उचलला. आवाज खोल गेलेला. "अरे, जरा कणकण आहे. तुम्ही सगळे लांब, कशाला उगाच घोर लावायचा?" एवढे बोलायलाही त्यांना दम लागत होता. काका, तुम्ही बोलू नका, फक्त दाराची कडी काढून ठेवा, असे सांगून आम्ही साताऱ्याच्या चुलतभावाला कळवले. तो दोन तासांत पोचला. काकांना डेंग्यू झालेला होता, आणि चार दिवस त्यांच्या पोटात पेजेशिवाय काही नव्हते. ते आठ दिवस रुग्णालयात होते. आता बरे आहेत, आणि सुविचार पूर्ववत सुरू आहेत.

तो प्रसंग टळल्यावर आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. सुविचार साठांहून अधिक जणांना जात होता. तो बंद पडलेला त्यांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही, आणि त्यांना दोष देण्यासारखेही त्यात काही नाही. ज्यांच्या पेटीत रोज शंभर पत्रे येतात त्यांना एकशे एकावे आलेले कळत नाही, मग न आलेले कोठून कळणार? गर्दीत माणूस हरवला तर गर्दी कमी झालेली दिसत नाही. पाटावर मात्र एक जागा रिकामी राहिली तर घरातल्या लहान पोराच्याही ते लक्षात येते. काकांना आम्ही गप्प केले असे कोणी म्हणेल; आम्हाला वाटते, आम्ही त्यांना पंक्तीत स्वतःचा पाट मांडून दिला. चाळण आणि चिठ्ठी यांचा खरा गुण येथे दिसतो. आलेल्याचा आवाज त्या कमी करतात हे सर्वांना ठाऊक असते. न आलेल्याचा आवाज त्या ऐकू आणतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते लेबल आम्ही आता रोज रात्री जेवणानंतर पाहतो. घंटा अजूनही बंदच आहे.

यावर एक आक्षेप राहतो, आणि तो खोटा नाही. चाळण विणताना आपण कोणाला घंटेचा मान देतो आणि कोणाला देत नाही, याची यादी करावी लागते. ती कागदावर उतरवू लागले की हात अडखळतो. वडिलांचे डॉक्टर, कन्येची शाळा, आमचे सेक्शन ऑफिसर, गावचे घर, एवढी नावे झरझर उतरतात. पुढे? ज्या मित्राबरोबर कॉलेजात एका ताटात जेवलो त्याची घंटा वाजावी की न वाजावी? मामेबहिणीची? यंत्र येथे काही मदत करत नाही. ते नियम पाळते. नियम घालून देणे हे त्याचे काम नव्हे. ज्याने यादी केलीच नाही त्याची यादी पंखेवाला करतो, एवढे मात्र निश्चित. म्हणून अडखळत का होईना, ती आपणच करावी. आणि वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, पुन्हा काढून पाहावी. माणसे बदलतात, नाती जवळ येतात, दूर जातात. चाळणीची छिद्रेही त्याप्रमाणे लहानमोठी करावी लागतात.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हे काम अवघड जाऊ नये, कारण बदलीची खोकी बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. सामान बांधताना आपण प्रत्येक खोक्यावर खडूने लिहितो: स्वयंपाकघर, पुस्तके, हिवाळ्याचे कपडे. एक खोके मात्र निराळे असते. त्यात देव, समई, दुधाचे पातेले, वडिलांच्या गोळ्या आणि पोराची एखादी आवडती बाहुली असते, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'प्रथम उघडणे'. नव्या गावी रात्री नऊला ट्रक येतो, दिवे लागलेले नसतात, अंगणात चाळीस खोक्यांची रास पडते, आणि घरातली बाई त्या राशीतून हे एकच खोके शोधत असते. बाकीची दोन महिने उघडली नाहीत तरी संसार अडत नाही. हे खोके एकच असते, कारण दोन केली की त्यांपैकी प्रथम कोणते उघडायचे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.